प्रिंट स्पूलर पुन्हा पुन्हा डिसेबल होतोय? डीफॉल्ट सेटिंग परत आणण्याआधी ती कोण बदलतंय ते शोधा

प्रिंट दिली की प्रिंट स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणारी विंडोजची सर्व्हिस, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) चालू नसल्याचा संदेश येतो. सर्व्हिसेसची यादी उघडून पाहिलं तर स्पूलरसमोर स्टार्टअप टाइप 'डिसेबल्ड' दिसतो. तो 'ऑटोमॅटिक' करायचा, 'स्टार्ट' दाबायचं, की प्रिंट निघते. संगणक पुन्हा चालू केला किंवा दुसरा दिवस उजाडला, की परत तेच. ही तक्रार सतत कानावर येते आणि तिच्यावर बहुतेक वेळा "ऑटोमॅटिक करून बघा" एवढंच उत्तर मिळतं. विचारणाऱ्याने ते आधीच अनेकदा करून पाहिलेलं असतं.

सर्व्हिसचा स्टार्टअप टाइप आपोआप 'डिसेबल्ड' होत नाही. एखादी स्क्रिप्ट, ठरलेल्या वेळी चालणारं टास्क, ऑफिसच्या नेटवर्कवरून येणारी पॉलिसी किंवा 'संगणक वेगवान करतो' म्हणणारं सॉफ्टवेअर, यांपैकी कुणीतरी तो बदलतं. ते सापडत नाही तोवर डीफॉल्ट सेटिंग कितीही वेळा परत आणली तरी टिकणार नाही. त्यामुळे इथे आधी शोध आणि मग दुरुस्ती असा क्रम ठेवला आहे.

हे सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. उदाहरण स्पूलरचं असलं तरी विंडोज सर्च, विंडोज ऑडिओ किंवा दुसऱ्या कुठल्याही सर्व्हिससाठी शोधायची रीत हीच. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांत करायच्या.

डिसेबल होतोय की नुसताच बंद पडतोय?

या दोन वेगळ्या समस्या आहेत आणि लोक त्या हमखास एकत्र करतात. प्रिंट अडली की लगेच काही बदलू नका. आधी सर्व्हिसेसची यादी उघडा (रन खिडकीत 'सर्व्हिसेस डॉट एमएससी') आणि 'प्रिंट स्पूलर'च्या ओळीतले दोन रकाने पाहा, स्टेटस आणि स्टार्टअप टाइप.

स्टार्टअप टाइप 'डिसेबल्ड' असेल तर कुणीतरी सेटिंग बदलली आहे. टाइप 'ऑटोमॅटिक'च आहे पण स्टेटसचा रकाना रिकामा आहे, तर सेटिंग शाबूत आहे. मग स्पूलर एकतर सुरूच होऊ शकला नाही किंवा सुरू होऊन कोसळला. या दुसऱ्या प्रकारात 'ऑटोमॅटिक' पुन्हा निवडून काहीच साधत नाही, तो आधीच ऑटोमॅटिक आहे.

'स्टार्ट' दाबल्यावर येणारा त्रुटी क्रमांकही लिहून ठेवा. १०५८ म्हणजे सर्व्हिस डिसेबल आहे. १०६८ म्हणजे ती ज्या सर्व्हिसवर अवलंबून आहे तीच सुरू झाली नाही. १०७५ म्हणजे अवलंबित्वाच्या यादीतली सर्व्हिस संगणकावर अस्तित्वातच नाही. १०६९ आला तर लॉग ऑन खात्याची गडबड आहे. १०५३ म्हणजे सर्व्हिसने ठरलेल्या वेळेत उत्तर दिलं नाही, आणि ही मुदत मूळ सेटिंगनुसार ३० सेकंदांची असते. एवढ्या आकड्यावरून अर्धं निदान होतं, म्हणून मदत मागताना "एरर येतोय" असं न लिहिता आकडा लिहा.

नोंद ७०४०

स्टार्टअप टाइप बदलणाऱ्याचा माग काढायला सगळ्यात उपयोगी जागा म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, विंडोजने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारं साधन. तो उघडून 'विंडोज लॉग्ज'मधल्या 'सिस्टिम'वर जा, उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग' निवडा आणि इव्हेंट आयडीच्या चौकटीत ७०४० टाका. अमुक सर्व्हिसचा स्टार्ट टाइप 'ऑटो स्टार्ट'वरून 'डिसेबल्ड' केला गेला, अशा वाक्याची नोंद दिसेल. स्रोत 'सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर', म्हणजे सर्व्हिसेस सांभाळणारा विंडोजचा भाग, असतो. वाक्यापेक्षा तिच्यातल्या दोन गोष्टी जास्त बोलक्या असतात: नेमकी वेळ आणि 'यूझर'चा रकाना.

या यादीत 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस'च्या पुष्कळ नोंदी दिसतील, कधी 'डिमांड स्टार्ट'वरून 'ऑटो' तर कधी उलट. त्या पाहून घाबरू नका. ते विंडोजचं नेहमीचं काम आहे, फक्त स्पूलरच्या नोंदी वेगळ्या काढा.

आता वेळांचा नमुना पाहा. दर वेळी संगणक चालू झाल्यावर मिनिटभरात नोंद पडत असेल तर सुरुवातीला चालणारं टास्क किंवा स्टार्टअप स्क्रिप्ट शोधा. रोज एकाच घड्याळी वेळेला पडत असेल तर टास्क शेड्यूलर उघडा आणि 'लास्ट रन टाइम'च्या रकान्यात तीच वेळ कुठे दिसते ते पाहा. टास्कचा 'हिस्टरी' टॅब बऱ्याचदा रिकामा असतो, कारण इतिहास ठेवणं मुळात बंद असतं. उजवीकडच्या यादीतून 'एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी' करा आणि पुढच्या वेळेची वाट पाहा. ऑफिसच्या डोमेनला (एकाच जागेहून सांभाळल्या जाणाऱ्या नेटवर्कला) जोडलेल्या संगणकावर तुम्ही सेटिंग दुरुस्त केल्यापासून साधारण दोन तासांच्या आत ती उलटत असेल, तर पहिला संशय ग्रुप पॉलिसीवर घ्या. ती पार्श्वभूमीत दर ९० मिनिटांनी आणि त्यात ३० मिनिटांपर्यंतची वाढ धरून ताजी होते. सुरक्षा विभागातल्या सेटिंग तर पॉलिसीत काही बदललं नसलं तरी दर १६ तासांनी पुन्हा लागू होतात. सर्व्हिसेसचे स्टार्टअप टाइप याच विभागात, 'सिस्टिम सर्व्हिसेस'खाली ठरवलेले असतात. म्हणून सकाळी दुरुस्त केलेलं दुसऱ्या दिवशी उलटलेलं दिसू शकतं.

पॉलिसीची खात्री करायला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'जीपीरिझल्ट'ला '/एच' आणि फाइलचं नाव देऊन अहवाल काढा. त्यात स्पूलर सापडला, तर तुमच्या संगणकावर करण्यासारखं काही नाही. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना तो अहवाल दाखवा. पॉलिसीशी झटापट करू नका. कदाचित त्यांनी ती विचार करूनच लावलेली असेल.

'यूझर'च्या रकान्यात तुमचंच नाव आहे आणि तुम्ही काही केलेलं आठवत नाही? मग तुमच्या खात्यातून चालणारा एखादा प्रोग्राम पाहा. सफाई आणि वेग वाढवण्याची सॉफ्टवेअर इथे वारंवार सापडतात. त्यांच्या सेटिंगमध्ये 'अनावश्यक सर्व्हिसेस' अशा नावाची यादी असते आणि प्रिंटर न वापरणाऱ्यांसाठी म्हणून तिच्यात स्पूलरवर आधीच खूण केलेली असते.

नोंदच सापडली नाही तर

टाइप बदललाय, पण ७०४० कुठेच नाही, असंही होतं. हाही एक धागा आहे. ही नोंद सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर करतो, म्हणजे बदल त्याच्यामार्फत झाला तरच ती पडते. एखाद्या प्रोग्रामने किंवा रजिस्ट्री फाइलने थेट रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग जिथे साठवलेल्या असतात तिथे) आकडा लिहिला, तर मॅनेजरला पत्ता लागत नाही. तो नवा आकडा संगणक पुन्हा चालू होताना वाचला जातो. म्हणून अशा वेळी दिवसभर प्रिंट व्यवस्थित निघते आणि रीस्टार्टनंतर सगळं बंद पडतं.

यासाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं 'प्रोसेस मॉनिटर' हे मोफत साधन घ्या. फिल्टरमध्ये ऑपरेशन 'रेगसेटव्हॅल्यू' आणि पाथचा शेवट 'सर्व्हिसेस\स्पूलर\स्टार्ट' असे दोन नियम लावा. 'ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स' चालू ठेवा, नाहीतर तासाभरात नोंदींनी मेमरी भरून जाईल. बदल संगणक चालू होतानाच होत असेल तर 'एनेबल बूट लॉगिंग' वापरा.

इथे एक बारकावा आहे. प्रोसेसच्या रकान्यात 'सर्व्हिसेस डॉट ईएक्सई' दिसलं तर ते स्वतः गुन्हेगार नाही. दुसऱ्या कुणीतरी त्याला सेटिंग बदलायला सांगितलं आणि त्याने ती रजिस्ट्रीत लिहिली, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी ७०४० ची नोंदही असायला हवी. सांगणारा कोण होता हे कळायला 'ऑडिट प्रोसेस क्रिएशन' ही ऑडिट पॉलिसी चालू करा, जमलं तर कमांड लाइनची नोंद ठेवणारी पॉलिसीही. मग 'सिक्युरिटी' लॉगमध्ये ४६८८ क्रमांकाच्या नोंदी येऊ लागतील. ७०४० च्या आगेमागे दोनचार सेकंदांत कोणती प्रोसेस सुरू झाली आणि तिला कोणी सुरू केलं, हे त्यांत दिसतं. उलट, प्रोसेस मॉनिटरमध्ये थेट एखाद्या प्रोग्रामचं नाव दिसलं तर शोध तिथेच संपला.

२०२१ चा एक राहून गेलेला उपाय

स्पूलरच्या बाबतीत एक कारण मी कायम तपासायला सांगतो. २०२१ च्या जुलैच्या सुरुवातीला स्पूलरमधली 'प्रिंटनाइटमेअर' नावाने ओळखली गेलेली गंभीर त्रुटी, सीव्हीई-२०२१-३४५२७, जाहीर झाली. दुरुस्ती येईपर्यंतचा तात्पुरता उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टनेच स्पूलर थांबवून डिसेबल करायला सांगितलं होतं, पॉवरशेलच्या दोन ओळींत. अनेकांनी त्या ओळींची स्क्रिप्ट केली आणि टास्क शेड्यूलरमध्ये किंवा पॉलिसीत बसवली. ६ जुलै २०२१ पासून दुरुस्तीचे अपडेट येऊ लागले, पण ती स्क्रिप्ट काढायचं काम कुणाच्याच यादीत नव्हतं. संगणक एकाकडून दुसऱ्याकडे गेला तरी ती तशीच चालत राहते.

अशी स्क्रिप्ट सापडली तर नुसती पुसून टाकू नका. आधी विंडोज पूर्ण अपडेट करा. तुमचा प्रिंटर थेट जोडलेला असेल आणि दुसऱ्या संगणकांना तुमच्यामार्फत छापायचं नसेल, तर प्रिंटर्सच्या ग्रुप पॉलिसीतली 'अलाउ प्रिंट स्पूलर टू ॲक्सेप्ट क्लायंट कनेक्शन्स' ही सेटिंग डिसेबल करून स्पूलर रीस्टार्ट करा. छपाई चालू राहते आणि बाहेरून येणारा रस्ता बंद होतो. ज्या सर्व्हरवरून कधीच छापायचं नसतं, विशेषतः डोमेन कंट्रोलर (डोमेनमधली खाती आणि लॉग ऑन सांभाळणारा सर्व्हर), तिथे मात्र स्पूलर डिसेबल असणंच योग्य. तिथे 'डीफॉल्ट परत आणा' हा सल्ला मी देणार नाही.

आता डीफॉल्ट परत आणणं

विंडोजमध्ये सर्व्हिससाठी 'रिस्टोअर डीफॉल्ट' असं बटण नाही. डीफॉल्ट म्हणजे रजिस्ट्रीतल्या काही नोंदींचा संच, आणि स्टार्टअप टाइप हा त्यातला एकच घटक. बाकीचे तपासलेच जात नाहीत, म्हणून अर्धवट दुरुस्त झालेल्या सर्व्हिसेस पुन्हा त्रास देतात.

रजिस्ट्री एडिटरमध्ये 'एचकेईवाय लोकल मशीन', मग 'सिस्टिम', 'करंट कंट्रोल सेट', 'सर्व्हिसेस' आणि त्यात 'स्पूलर' अशी वाट आहे. काहीही हात लावण्याआधी 'स्पूलर'वर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट' करा, म्हणजे मागे फिरता येईल. विंडोज १० आणि ११ वर उजवीकडच्या नोंदींत हे असायला हवं: 'स्टार्ट'ची किंमत २. 'ऑब्जेक्टनेम'मध्ये लोकलसिस्टिम. 'इमेजपाथ'मध्ये सिस्टिम३२ फोल्डरातली 'स्पूलएसव्ही डॉट ईएक्सई'. 'डिपेंडऑनसर्व्हिस'मध्ये, म्हणजे स्पूलर ज्यांवर अवलंबून आहे त्यांच्या यादीत, दोनच ओळी, आरपीसीएसएस आणि एचटीटीपी. 'स्टार्ट'चे आकडे सगळ्या सर्व्हिसेसना सारखेच लागू होतात: २ म्हणजे ऑटोमॅटिक, ३ म्हणजे मॅन्युअल, ४ म्हणजे डिसेबल्ड. ० आणि १ ड्रायव्हरसाठी असतात, ते चुकूनही सर्व्हिसला देऊ नका. ज्या सर्व्हिसेस 'ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)' असतात, उदाहरणार्थ विंडोज सर्च, त्यांना २ च्या जोडीला 'डिलेडऑटोस्टार्ट' ही वेगळी नोंद १ लागते.

नुसतं पाहायला रजिस्ट्री उघडायचीही गरज नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये

एससी क्यूसी स्पूलर

एवढं दिलं की हे सगळं एका पडद्यावर येतं. दुरुस्तीही शक्यतो रजिस्ट्रीऐवजी याच कमांडने करा, म्हणजे सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरला बदल लगेच कळतो आणि रीस्टार्ट लागत नाही:

एससी कॉन्फिग स्पूलर स्टार्ट= ऑटो

बरोबरचं चिन्ह 'स्टार्ट'ला चिकटून आणि त्यानंतर एक जागा मोकळी. ही जागा विसरली तर कमांड चालण्याऐवजी मदतीचा मजकूर दाखवते. आणि हे कमांड प्रॉम्प्टमध्येच करा. विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये 'एससी' हे फाइलमध्ये मजकूर लिहिणाऱ्या दुसऱ्याच कमांडचं छोटं नाव आहे. तिथे वरची पहिली ओळ दिली तर काहीही न बोलता 'क्यूसी' नावाची फाइल तयार होते, तिच्यात 'स्पूलर' हा शब्द लिहिला जातो आणि काम झालं असं वाटतं. पॉवरशेलमध्येच करायचं असेल तर 'एससी डॉट ईएक्सई' असं पूर्ण नाव द्या.

दुसऱ्या सर्व्हिसेसची डीफॉल्ट कुठून मिळवायची? शक्य असेल तर तुमच्याच विंडोजची, तीच आवृत्ती आणि तीच एडिशन असलेल्या, छेडछाड न झालेल्या संगणकावरून. इंटरनेटवरचे तक्ते आवृत्तीनुसार जुने होतात. 'सगळ्या सर्व्हिसेस एका क्लिकमध्ये डीफॉल्ट' म्हणणारी तयार रजिस्ट्री फाइल तर अजिबात चालवू नका. एका सर्व्हिसची तक्रार घेऊन आलेला माणूस तिच्यामुळे दहा सर्व्हिसेसची तक्रार घेऊन जातो.

१०६८ आणि १०७५ आले असतील तर

इथे दोष स्पूलरच्या स्टार्टअप टाइपमध्ये नसतो. 'एससी क्यूसी स्पूलर'च्या उत्तरात अवलंबित्वाची यादी पाहा. आरपीसीएसएस आणि एचटीटीपी यांशिवाय तिसरं नाव असेल तर ते एखाद्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरने घातलेलं असतं. सॉफ्टवेअर काढून टाकलं की त्याची सर्व्हिस जाते, नाव मात्र यादीत राहतं, आणि स्पूलर नसलेल्या सर्व्हिसची वाट पाहत अडतो. यादी मूळ रूपात अशी येते:

एससी कॉन्फिग स्पूलर डिपेंड= आरपीसीएसएस/एचटीटीपी

ही कमांड जुन्या यादीत भर घालत नाही, पूर्ण यादी बदलते, म्हणून दोन्ही नावं द्या. विंडोज एक्सपीच्या काळातली उत्तरं फक्त आरपीसीएसएस लिहायला सांगतात, ती आता वापरू नका.

यादी ठीक असूनही १०६८ येत असेल तर एचटीटीपी तपासा. हा प्रत्यक्षात ड्रायव्हर आहे, त्यामुळे सर्व्हिसेसच्या यादीत तो दिसत नाही आणि डिसेबल झालेला कुणाच्या लक्षात येत नाही. 'एससी क्यूसी एचटीटीपी' दिल्यावर स्टार्ट टाइप ४ दिसला तर तो ३, म्हणजे 'डिमांड' करा आणि संगणक रीस्टार्ट करा. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं इथे पुरेसं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर त्यात विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो, नव्याने सुरू होत नाही.

सेटिंग ठीक, तरी स्पूलर कोसळतोय

इव्हेंट व्ह्यूअरच्या 'सिस्टिम'मध्ये ७०३१ किंवा ७०३४ शोधा. सर्व्हिस अचानक बंद पडल्याच्या या नोंदी. त्याच वेळेची 'ॲप्लिकेशन' लॉगमधली १००० क्रमांकाची नोंद उघडली की 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' दिसतं. तिथे प्रिंटर ड्रायव्हरची फाइल असेल तर तो ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाका. त्याआधी अडकलेली कामं साफ करा: स्पूलर थांबवा, सिस्टिम३२ मधल्या 'स्पूल' फोल्डरातलं 'प्रिंटर्स' उघडा, आतल्या एसपीएल आणि एसएचडी फाइली पुसा (फोल्डर नको), स्पूलर सुरू करा. एका बिघडलेल्या कामामुळे स्पूलर सुरू होताच कोसळत असेल तर एवढ्यानेच सुटतं.

जुन्या प्रिंटरला नवा ड्रायव्हरच नसेल तर प्रिंट मॅनेजमेंटमध्ये त्या ड्रायव्हरवर राइट क्लिक करून 'सेट ड्रायव्हर आयसोलेशन' 'आयसोलेटेड' करून पाहा. ड्रायव्हरने साथ दिली तर तो वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो आणि कोसळला तरी स्पूलरला सोबत घेऊन जात नाही.

'एसएफसी स्कॅननाऊ' आणि 'डिझम'चा सल्ला सगळीकडे दिला जातो. सिस्टिमच्या फाइली खराब असतील तर तो बरोबरच आहे, आधी डिझम आणि मग एसएफसी. पण ही साधनं फाइली दुरुस्त करतात. डिसेबल झालेला स्टार्टअप टाइप त्यांनी परत येत नाही.

हे करू नका

दर बूटला स्पूलर चालू करणारी बॅच फाइल लावू नका. मग एक स्क्रिप्ट बंद करते, दुसरी चालू करते, आणि कोण आधी धावलं यावर तुमची प्रिंट ठरते. रजिस्ट्रीतल्या 'स्पूलर' कीचे परवाने काढून ती 'लॉक' करण्याचा उपायही फिरतो. त्यात सिस्टिमलाच लिहायची मनाई होते आणि पुढे एखादं अपडेट किंवा ड्रायव्हर अडतो, तेव्हा त्याचं कारण शोधणं फार अवघड जातं.

दुरुस्तीनंतर ७०४० चा फिल्टर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कस्टम व्ह्यू' म्हणून जतन करा. दोनतीन रीस्टार्ट होऊ द्या, ज्या वेळेला सेटिंग उलटायची ती वेळ एकदोनदा जाऊ द्या. स्पूलरची नवी नोंद पडली नाही आणि 'एससी क्यूसी'मध्ये अजून ऑटो स्टार्ट दिसतोय, तर काम झालं. पडली, तर मदत मागताना तिची वेळ, यूझर आणि 'एससी क्यूसी'चं पूर्ण उत्तर सोबत द्या.